रांजणातलं चार बोटं पाणी

चैत्र लागला की माझे कान तिखट होतात. एरवी सुनेनं तीन हाका मारल्या तरी मला ऐकू जात नाहीत, अशी तिची तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. काही हाका ऐकायच्याच नाहीत असं मी या वयात ठरवून टाकलंय. पण न्हाणीघरातल्या नळाचा एक थेंब बादलीत पडला की तो मला पार पुढच्या खोलीत ऐकू येतो. मग मी हातातलं शेंगांचं ताट बाजूला सारून उठते. गुडघे कुरकुरतात. कुरकुरू देत.

परवाही तसंच झालं. नातीची कॉलेजची परीक्षा तोंडावर आलेली, ती पंख्याखाली पुस्तकं पसरून बसलेली, खिडकीतून उन्हाची धग आत येतेय, आणि आतून टप्, टप्. आमच्या गावाचं नाव आता धाराशिव झालं, माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच बसलंय. नाव काही का असेना, उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि त्याची वाट बघत बायका भांडी मांडून ठेवतात, त्यात काही फरक नाही. अशा गावात नळ गळू द्यायचा म्हणजे मला शुद्ध माज वाटतो.

मुलानं प्लंबर आणला. पोरगा चांगला होता, पण त्यानं नळाकडे बघून खांदे उडवले. "थेंबच तर आहे आजी," म्हणाला.

"त्याच्याखाली बादली लाव, घरी जाऊन जेवून ये, आणि मग मला सांग थेंब आहे का पाणी," मी म्हटलं. त्यानं मुकाट वायसर बदललं.

माझं तेवढ्यावर समाधान झालं नाही. मी नातीला पुस्तकावरून उठवलं. तासभर घरात कुणी नळाला हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. तिला गच्चीवर पाठवून काळ्या टाकीत काठी बुडवायला लावली आणि ओल जिथवर आली तिथं खडूची रेघ मारायला सांगितली. तासानं पुन्हा काठी बुडवली तर ओल रेघेच्या चांगली खाली. मग संडासाच्या टाकीत जिलबीचा केशरी रंग चिमूटभर टाकला आणि आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. पाव तासात खालच्या भांड्यात केशरी ओघळ उतरला. चोर एकटा नळ नव्हता तर! नात हसत सुटली. "आजी, हे असलं तुला कुणी शिकवलं?"

"अव्वानं," मी म्हटलं.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही इथून जवळच्या बेंबळी गावचे, लिंगायत वाणी, वडिलांचं किराण्याचं दुकान. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. अव्वा अक्कलकोटाकडची, कानडी मुलखातली. मराठी झकास बोलायची, पण राग आला की कानडीत शिरायची, आणि "साकु!" म्हणाली की समजायचं, आता पुरे, यापुढं वाद नाही. त्या साली तिचं "साकु" आम्ही फार वेळा ऐकलं.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. शाळेच्या भिंतीवर नव्या राज्याचा नवा नकाशा लागला होता, त्याला अजून शाईचा वास होता. आदल्या पावसाळ्यानं आमच्याकडे पाठ फिरवली होती. शिमगा होतो न होतो तोच गावातल्या आडांनी तळ दाखवला. पोहरा खाली आपटल्याचा खडखडाट ऐकू यायचा, आणि वर यायचं ते ओंजळभर गढूळ पाणी नि चिखलाचा वास. मग सगळं गाव ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जाऊ लागलं. जायला यायला चांगला तास लागे. पायाखालची माती सकाळीच तापलेली असे, बाभळीच्या सावलीत बायका घागरी टेकवून दम खात, आणि डोक्यावरच्या घागरीतून हिंदकळलेलं पाणी कानामागून मानेवर उतरलं की इतकं बरं वाटे की वाटावं, अजून थोडं सांडावं. पण सांडलं तर अव्वाला उत्तर द्यावं लागे.

मी सातवीत होते. सातवीची परीक्षा तेव्हा उस्मानाबादला जाऊन द्यावी लागायची. वर्गात आम्ही दोघी मुली. दुसरीचं माघात लग्न झालं आणि मी एकटी उरले. उन्हाळ्याची शाळा सकाळची, सातला घंटा. विहिरीवर पाणी मिळायचं तेही सकाळीच. ऊन चढलं की तिथंही नुसता गाळ. घराला दिवसाला सात घागरी लागत. अव्वाच्या कडेला सहा महिन्यांचं बाळ, त्यामुळं तिच्या दोन खेपा व्हायच्या. उरलेल्या पाच माझ्या वाट्याला. दोन-तीन झाल्या की घंटा ऐकू यायची, आणि मी ओल्या पाठीनं, धापा टाकत वर्गात शिरायची. पंधरा दिवसांत सहा वेळा मी दाराबाहेर उभी राहिले. मास्तर वाईट नव्हते, पण नियम म्हणजे नियम.

एके दिवशी अप्पांनी जेवता जेवता सांगून टाकलं. "नंदे, म्होरल्या आठवड्याच्या बाजारापस्तोर जा शाळंला. म्होरं राहू दे. पाण्याला माणूस पायजे."

मी घास तोंडात तसाच धरून बसले. अप्पा रागीट नव्हते, कधी हात उगारला नाही; त्यांनी ते मीठ संपलंय म्हणावं तितक्या साधेपणी सांगितलं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. साध्या आवाजात सांगितलेली गोष्ट बदलत नाही, हे मला ठाऊक होतं.

अव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "बाजारला धा दिस हायेत," ती म्हणाली. "तुमी म्हनता पाणी कमी येतंय. मला वाटतंय, जास्त जातंय. आधी ते बघू द्या."

तिथून आमच्या घरात पाण्याचं राज्य सुरू झालं. ज्वारी धुतलेलं पाणी म्हशीला. अंघोळीला दगडाखाली घमेलं. एका तांब्यात अंघोळ कशी करायची ते मी तेव्हा शिकले, आधी अंग ओलं करून चोळायचं, मग वरून बारीक धार धरायची. घमेल्यातल्या पाण्यात बाळाची दुपटी, आणि त्यातून उरलेलं पाणी उंबऱ्यावर सडा म्हणून. खरकटी भांडी राखेनं कोरडीच घासायची, फडक्यानं पुसायची, मग नुसती एकदा विसळायची. पाहुणा आला की तांब्याभर पाणी पुढं करायची आमची रीत. अव्वानं तांब्या आत ठेवला आणि फुलपात्र काढलं. "लागलं तर अजून मागा," असं हसून सांगायची. लोक अर्धा तांब्या पितात आणि अर्धा ओसरीवरून फेकतात, हे तिनं बघून ठेवलं होतं. अप्पांना त्याची भारी लाज वाटली. दुकानदाराच्या घरी पाण्याला हात आखडता, म्हणजे गावात काय तोंड दाखवायचं! अव्वा म्हणाली, "तोंड धुवून दाखवा, त्याला पाणी देते."

आज कुणी पाणी वाचवा म्हटलं की लोक काटकसरीचं तोंड करतात. अव्वाच्या चेहऱ्यावर मी ते कधी पाहिलं नाही. तिला त्यात एक रग होती, कुस्तीत उतरल्यासारखी. तिला पाणी वाचवायचं नव्हतं, मला वाचवायचं होतं, आणि मधे पाणी होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला ती नुसती छळवादी वाटायची.

एवढं करूनही रांजण खाली जायचा तो जायचाच. तो सोप्याच्या कोपऱ्यात, कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला, मी आत उतरले तर खांद्यापर्यंत बुडेन एवढा मोठा. अव्वाला वाटलं, मी चोरून तोंड धुते. मला वाटलं, म्हशीला कुणी जास्त पाजतंय. अप्पांना शेजाऱ्यांचा संशय. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघत होतो. तिसऱ्या दिवशी अव्वानं चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि निजण्याआधी रांजणाच्या आत, पाण्याच्या कडेला रेघ ओढली. वर झाकण ठेवलं आणि झाकणावर पाटा. सकाळी पाटा हलला नव्हता आणि पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

"उन्हाळ्यात मातीचं भांडं पाणी पितंच की," अप्पा म्हणाले.

"पितं," अव्वा म्हणाली. "किती पितं ते बघू."

तिनं रांजणाशेजारी मातीचा डेरा भरून ठेवला आणि त्यातही कोळशाची रेघ मारली. दुसऱ्या सकाळी डेरा एक बोट उतरला होता, रांजण पुन्हा चार. मग तिनं रांजणाभोवती कोरडी राख पसरली. ओल वर आली असती तर राख काळी पडली असती. ती पांढरीफक राहिली. अव्वा बराच वेळ उकिडवी बसून राखेकडे बघत होती. मग म्हणाली, "बाजूनं न्हाय. बुडातनं जातंय."

दिवसा-रात्रीची गळती धरली तर दोन घागरी. माझ्या दोन खेपा जमिनीत जात होत्या.

बूड बघायचं तर रांजण रिकामा करायला हवा, आणि आमच्या घरात रांजण कधी रिकामा होत नसे. तळाला तांब्याभर पाणी राहिलं की त्यावरच नवं पाणी ओतायचं, ही अप्पांच्या आईची रीत. ती मी जन्मायच्या आधीच गेली, पण रीत मागं राहिली. रझाकारांच्या सालात घरदार सोडून सगळे रातोरात सोलापूरकडे गेले, तेव्हा निघताना तिनं म्हणे रांजणात तळाशी पाणी ठेवलं होतं. परत आले तर आळीतली घरं फुटली होती आणि आमचं दार जसंच्या तसं होतं. अप्पांच्या दृष्टीनं ते घर त्या तांब्याभर पाण्यानं राखलं होतं. तळ कुणी बघितलाच नाही, म्हणून तळाची भेग कुणाला दिसली नाही.

"त्यो रांजण उपसायचा न्हाय," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आईनं ठिवलेलं पाणी हाय ते."

"तुमच्या आईनं ठिवलेलं पाणी कवाच जमिनीत गेलं," अव्वा म्हणाली. "आता जातंय ते नंदीनं आणलेलं."

"तू कायबी म्हन."

"म्हनते. रांजण भरलेला ऱ्हावा म्हणून पोरगी रिकामी ठिवायची? उद्या सोमवार हाय. उद्या मी उपसनार. चोरून न्हाय, तुमच्या म्होरं. तुमाला थांबवायचं तर हात धरून थांबवा. साकु!"

मी दाराआड उभी होते. मला अव्वाची बाजू बरोबर वाटत होती आणि अप्पांची कीव येत होती, आणि ही दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात याचाच मला राग आला. आपल्या परीक्षेपायी घरात काही वाईट झालं तर? या भीतीनं मी त्या रात्री एकदा ठरवलंही होतं की सकाळी सांगून टाकावं, मला नाही शिकायचं. सकाळी अव्वानं बोलूच दिलं नाही. माझ्या हातात तांब्या ठेवला.

सोमवारी घरातली सगळी भांडी सोप्यात मांडली. घागरी, कळश्या, पातेली, पिठाची परातसुद्धा. अव्वा तांब्यानं उपसायची आणि मी ओतायची. अप्पांची पूजा आटोपली होती. कपाळाला विभूती, दुकान उघडायची वेळ टळलेली, पण ते ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. थांबवत नव्हते, जातही नव्हते. हळूहळू अव्वा कमरेपासून रांजणात वाकली. तिचा आवाज आतून घुमून येऊ लागला. शेवटी ती वर आली, केस सुटलेले, कोपरापर्यंत शेवाळ, आणि म्हणाली, "तांब्याभर ऱ्हायलंय."

झोळीत बाळ हुंकारलं. अव्वा अप्पांकडे बघत होती, आणि माझी खात्री आहे, त्या क्षणी तीही घाबरली होती.

अप्पा आत गेले. देवळीतला पूजेचा तांब्या घेऊन आले. धोतर खोचून रांजणावर वाकले, ते शेवटचं पाणी स्वतःच्या हातानं भरून घेतलं आणि देवापुढं नेऊन ठेवलं. "हितं राहू द्या," म्हणाले. "घरात हाय म्हंजे झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅटरी आन, आत उजेड पायजे."

तळाला बोटभर लांबीची भेग होती आणि तिच्यातून केसासारखी बारीक, पांढरी मुळं आत आली होती. अव्वानं ओढून बघितलं, सुटेनात. भिंतीपलीकडे परसात आमची लिंबोणी होती. त्या दुष्काळात गावातली झाडं वाळून कोळ झाली, आमची मात्र हिरवीगार, लिंबांनी लगडलेली. अप्पा येईल त्याच्या हातात दोन लिंबं ठेवायचे आणि म्हणायचे, शंकराची कृपा! अव्वानं ती मुळं हातात धरून अप्पांकडे बघितलं. अप्पांच्या पोटातून हसू फुटलं. मग अव्वाला. मी तर खालीच बसले. इतके दिवस मी डोक्यावरून लिंबोणीला पाणी घालत होते आणि अख्ख्या गावाला सरबत पाजत होते.

भेग बुजवायला अव्वानं चुना मळला, त्यात गूळ घातला आणि बेलफळाचा गर. तिच्या माहेरी हौद असेच लिंपत. तीन हात दिले. आठवडाभर ते लिंपण वाळू द्यावं लागलं. नंतर भरला तेव्हा कोळशाची रेघ एकच बोट उतरली. तो रांजण पुढं किती तरी वर्षं चालला. माझं लग्न झालं तेव्हाही त्याच कोपऱ्यात होता, आणि दर पाडव्याला अव्वा तो पार तळापर्यंत उपसून हात फिरवून बघायची. घराची नवी रीत तीच झाली.

नातीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग परीक्षा?" पुस्तक मिटून विचारत होती, म्हणून मी तिला आधी पुस्तक उघडायला लावलं. पण प्रश्न बरोबर होता. सोपी गोष्ट असती तर मी म्हटलं असतं, गळती सापडली आणि सगळं सुरळीत झालं. गळती सापडली की लगेच पाणी वाढत नाही. ते आठ दिवस रांजण नव्हता. भांड्यांत साठवलेलं दोन दिवसांत संपलं, साठवायला जागा नाही म्हणून खेपा उलट वाढल्या, आणि परीक्षेच्या आधी मास्तर जे शेवटचं घोकून घेणार होते ते नेमकं त्याच आठवड्यात. अप्पांनी दिलेला बाजारचा दिवसही येऊन गेला. शाळा चालू ठेव, असं काही अप्पा म्हणाले नाहीत. मी समजून चुकले. दुसऱ्या सकाळी शाळेचं दप्तर खुंटीलाच ठेवलं आणि फटफटताना घागर घ्यायला गेले.

घागर जागेवर नव्हती.

अव्वा चूल पेटवत होती. "घागर कुठंय?" मी विचारलं.

"धडा काढून बस," ती फुंकणी न सोडता म्हणाली.

मी बाहेर आले. आळीच्या तोंडाशी अप्पा दिसले. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, खांद्यावर घागर, दुसऱ्या हातात कळशी, पाठ सगळी भिजलेली. आमच्याकडे तेव्हा पुरुषानं पाण्याला जायचं म्हणजे बायको मेलेल्यानं किंवा वेड्यानं. त्यांच्या मागून विहिरीवरून परतणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पारावर बसलेल्यांपैकी एकानं खणखणीत आवाजात विचारलं, "का वो अप्पाशेट, घरात बायका न्हाईत व्हय?"

अप्पा थबकले. गिऱ्हाइकाला उलट शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मला वाटलं, मान खाली घालून येतील. त्यांनी घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हायेत की. त्यातली एक परीक्षेला बसलीया. तिचं पाणी म्या भरतोय."

माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाट सोड," एवढंच म्हणाले. आत घागर ओतल्याचा आवाज आला आणि ते पुन्हा बाहेर पडले. मला रडू फुटलं, पदर नसल्यानं मी डोळे परकराला पुसले, आणि दप्तर खांद्याला अडकवलं. सातची घंटा झाली तेव्हा मी वर्गात माझ्या जागेवर बसले होते, आणि अप्पा तिसऱ्या खेपेला ओढ्याच्या वाटेवर होते.